तंबाखूच्या हातांची आक्का

आक्का दारात चपला काढायची, नळावर हात धुवायची आणि ओले हात तसेच माझ्या नाकासमोर धरायची. "घे, वास घे." मी घ्यायची. आधी उजवा, मग डावा. आधी तळवा, मग बोटांची पेरं. मग मी मानेनंच परवानगी द्यायची आणि आक्का आत यायची. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, एका सरकारी कार्यालयात कारकून होते आणि पंधरा दिवसांपूर्वी एका मुलाची आई झाले होते. ऐट मात्र नाक्यावर ट्रक तपासणाऱ्या जमादाराची.

हा नियम माझाच. आक्का सकाळी पाच-सहा घरी बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची आणि दुपारपासून अंधार पडेपर्यंत घरी बसून विड्या वळायची. तिची आई, तिची सासू, तिची नणंद, सगळ्यांचं आयुष्य विडीच्या सुपापुढे गेलेलं. तिच्या बोटांत तंबाखूचा वास इतका मुरलेला, की साबणानं तो मंद व्हायचा, जायचा नाही. सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, या गल्लीतली निम्मी पोरं त्या हातांखालनं गेलीत." पण माझ्याकडे वाचनालयातून आणलेलं बालसंगोपनाचं जाडजूड पुस्तक होतं आणि सासूबाईंकडे नुसती वाढवलेली पाच मुलं. मी पुस्तकाचं ऐकलं. आक्कानं मात्र नियम हसत मान्य केला. "बरं हाय की. माझं नाक तर तंबाखूनं कवाच मेलंय. घासलेट काय आन् गुलाबपानी काय, मला सारकंच. तुझं नाक शाबूत हाय, तूच बघ."

ती माझ्याहून सतरा-अठरा वर्षांनी मोठी होती. मी तिला आक्का म्हणायची आणि वर अगं-तुगं करायची. ती मला 'बाई' म्हणायची. त्यात काही विचित्र आहे असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही.

न्हाणीघरात मात्र राज्य तिचं. पाटावर बसून ती दोन्ही पाय लांब सोडायची आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालायची. ती घरी तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी, पण लेकराला हात लावायच्या आधी त्याला तेलुगूत बोलवायची, "दा बंगारम, दा." ये रे सोन्या, ये. आणि खरंच थांबायची. बाळानं एखादा पाय हलवला, हुंकार दिला, की त्याची परवानगी मिळाली असं धरून तेल लावायला घ्यायची. टाळू भरायची, डाळीचं पीठ आणि साय लावायची, कणकेच्या गोळ्यानं पाठीवरची लव काढायची, आणि हे चालू असताना माझ्याविषयी त्याच्या कानात बोलायची. "तुझी आई नवीन हाय रे राजा. जरा सांबाळून घे तिला." मी दारात उभी असायची. मला ऐकू जावं म्हणूनच ते कानात असायचं.

बाळाच्या पाळण्यावर मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला एक तक्ता करून लावला होता. दूध सहाला, नऊला, बाराला, तीनला. आक्काला वाचता यायचं नाही. तिनं एकदा विचारलं, "हे काय लिवलंस बाई?" मी सांगितलं. ती तक्त्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत राहिली. "म्हंजी स्टेशनावर असतंय तसं?" दुसऱ्या दिवशी न्हाऊन झाल्यावर आठ वाजून वीस मिनिटांनी बाळानं टाहो फोडला. मी घड्याळाकडे बघत त्याला नुसती थोपटत होते. स्वतःच्या छातीला पान्हा फुटून पोलकं भिजलंय आणि बाईसाहेब नऊ वाजायची वाट बघतायत! आक्का टॉवेल पिळत म्हणाली, "गाडी आदी आली गं बाई. सिग्नल दे की आता." सासूबाई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी दूध दिलं, पण तक्ता काढला नाही.

पुस्तकात एक पूर्ण प्रकरण जंतूंवर होतं. ते वाचल्यापासून मला घरभर जंतू दिसायला लागले. पाळण्याच्या दोरीवर, सासूबाईंच्या पदरावर, आणि आक्काच्या बोटांवर तर त्यांची जत्राच. मी नवऱ्याला जंतुनाशकाची मोठी बाटली आणायला लावली आणि बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात दोन झाकणं ओतू लागले. तिसऱ्या दिवशी आक्कानं मला ओतताना पाहिलं. तिनं बादली उचलली आणि सगळं पाणी मोरीत सोडून दिलं. "बाई, हे पोरगं हाय का फरशी हाय?"

मला राग आला, पण सासूबाई समोर होत्या. मी म्हटलं, "बरं, नाही घालत." आणि पाण्यात घालणं खरंच बंद केलं. त्याऐवजी बाळाचे लंगोट आणि दुपटी मी मागच्या मोरीत त्या जंतुनाशकात भिजवायला लागले. माप नाही, काही नाही, पाण्याला रंग चढेपर्यंत ओतायचं. नंतर साध्या पाण्यातून खळबळायचे नाहीत, कारण खळबळलं तर औषधाचा गुण जाईल, हे माझं स्वतःचं संशोधन. पुस्तकात तसं कुठंही नव्हतं. लंगोट वाळले की मी घडी घालून आक्काच्या हातात द्यायची, आणि आक्का न्हाऊन निघालेल्या लेकराला धुरी देऊन त्यातला एक बांधायची. तिला वास येण्याचा प्रश्नच नव्हता. सासूबाई धुरीतल्या ओव्याच्या धुरानं खोकत असायच्या. शाबूत नाक घरात एकच होतं, आणि ते रोज सकाळी दुसऱ्याच गोष्टीचा वास घेण्यात गुंतलेलं होतं.

सव्वा महिना व्हायला चार-पाच दिवस राहिले असताना बाळाच्या मांड्यांवर लाल पुरळ उठलं. दुसऱ्या दिवशी ते कमरेपर्यंत गेलं, तिसऱ्या दिवशी पाठीवर चढलं, आणि जांघेतली कातडी सोलल्यासारखी झाली. मूल इतकं रडायचं, की रडून रडून आवाज बसला. मी रात्रंदिवस जागी, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. त्या सकाळी आक्का आली, हात धुऊन तिनं माझ्यासमोर धरले, आणि मी ते हात झटकून टाकले.

"तुझ्या या तंबाखूनं माझ्या पोराची कातडी जळाली!"

हे मी दारात उभं राहून बोलले. समोरच्या घरातल्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांची मुलगी पुढच्याच महिन्यात बाळंतपणाला येणार होती आणि तिला न्हाऊ घालायला आक्काच ठरली होती. काकूंचा तांब्या हातातच राहिला. मी थांबले नाही. विड्या वळणाऱ्या बाईला लेकराच्या अंगाला हात लावू दिला हीच माझी चूक, इथपर्यंत मी गेले. सासूबाई आतून म्हणत होत्या, "अगं, हळू बोल, हळू."

आक्का भांडली नाही. ती भांडली असती तर आज मला बरं वाटलं असतं. तिनं आत येऊन बाळाचं दुपटं बाजूला केलं, पुरळ पाहिलं आणि मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "इतकी वर्सं कुनाला कायबी झालं न्हाय गं बाई," एवढंच म्हणाली, आणि तेही मला सांगितल्यासारखं नाही, विचारल्यासारखं. मग तिनं हात पदराखाली घेतले आणि निघून गेली. जाताना बाळाला तेलुगूत काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाळाला जवळच्या सात रस्ता चौकातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लंगोट सोडला, नाकाजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं. "हे कशात भिजवता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अहो, याच्यानं दवाखान्यातल्या लाद्या पुसतात. लंगोट साध्या पाण्यात उकळा आणि अंगाला खोबरेल लावा." चार दिवसांत पुरळ मावळलं, आठवड्यात गेलं. डॉक्टर बोलत होते तेव्हा सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. घरी येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "आक्काला बोलावून आण." मी म्हटलं, "बघू." त्यांनी स्वतः दोनदा निरोप धाडला. आक्का आली नाही. माझ्या सासूबाई मोठ्यानं बोलणाऱ्या नव्हत्या. महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या, एवढीच माझी शिक्षा.

बाळाला मग मीच न्हाऊ घालायला लागले. नडग्यांवर घेतलं की ते तेलकट कार्टं माशासारखं सटकायचं, माझ्या पोटऱ्यांना वांब यायचे, आणि एकदा तर डाळीचं पीठ त्याच्याऐवजी माझ्याच डोळ्यांत गेलं. हे सगळं आज नातवंडांना सांगितलं की ती हसतात. पुढचं मी त्यांना सांगत नाही.

पुढचं असं, की पंधरा दिवसांनी काकू दारात भेटल्या. "काय गं, बाळाचं अंग बरं झालं ना?" मी म्हटलं, बरं झालं. "मग त्या आक्कामुळंच होतं म्हणायचं. बरं झालं, वेळेवर कळलं. आमच्या लेकीला दुसरी बाई बघितलीय मी." मी काही बोलायच्या आत त्यांनी पुन्हा विचारलं, "तंबाखूमुळंच ना गं?"

मी म्हटलं, "हो."

डॉक्टरांनी मला काय सांगितलं हे गल्लीला कळलं असतं तर कारकूनबाईंचं हसं झालं असतं. पुस्तक वाचणारी, तक्ते लावणारी आणि लेकराला फरशी पुसायच्या पाण्यात बुडवणारी! तेवढं हसं वाचवायला मी ते 'हो' म्हटलं. काकूंच्या घरातून ते शेजारी गेलं, शेजारून पलीकडच्या बोळात. आक्का पुन्हा आमच्या भागात दिसली नाही.

तीन वर्षांपूर्वी मला नात झाली. तिच्याही अंगावर दुसऱ्या महिन्यात पुरळ उठलं. मी सुनेकडे बघत राहिले, की ही आता कुणावर घसरते. न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईवर, की नातीला तेल लावणाऱ्या माझ्यावर? सुनेनं दुपटं नाकाला लावलं, "कपड्यांच्या साबणाचा वास फार उग्र येतोय हो आई," म्हणाली आणि साबण बदलला. दोन दिवसांत पुरळ गेलं. कुणाला काढलं नाही, कुणाला बोलली नाही. इतकं सोपं होतं ते.

त्या आठवड्यात मी आक्काचा शोध घेतला. पूर्वी तिच्याबरोबर विड्या वळणारी एक बाई भाजी विकायला येते, तिच्याकडून कळलं, की आक्का शहराबाहेर कुंभारीला कामगारांच्या घरांत मुलाकडे राहते आणि अजून आहे. मी रिक्षा करून गेले. तिच्या सुनेनं दार उघडलं. आक्का खाटेवर बसली होती, लहान झालेली, डोळ्यांनी अधू. मी नाव सांगितलं, सात रस्त्याच्या मागची गल्ली सांगितली. ती पुढे वाकली.

"पोराच्या अंगावर डाग ऱ्हायलं का गं बाई?"

"नाही आक्का. एकसुद्धा नाही."

"खरं सांगतीस?"

"खरंच. आता त्याला मुलगी झालीय."

तिनं डोळे मिटून हात जोडले. सून चहा टाकायला उठली आणि मला सांगू लागली, "सासूबाई ह्ये लई येळा बोलून दाखवत्यात. कुनाचं तरी लेकरू जळालं म्हनून. त्याच्या मागनं न्हाऊ घालायचं कामच सोडलं त्यांनी. माजी चार लेकरं ह्याच घरात झाली, पन एकालाबी कवा अंगावर घेऊन न्हाऊ घातलं न्हाय. उंबऱ्यात बसून मला नुसतं सांगायच्या, असं धर, तसं धर. मला वाटायचं, ह्यांना माजी लेकरंच आवडत न्हाईत. लई रडले मी तवा."

आक्का म्हणाली, "हाताचा भरवसा ऱ्हायला न्हवता."

मी सांगून टाकलं. बाटली, लंगोट, मोरी, डॉक्टर, सगळं. तिचं नाक मेलेलं होतं हे माझ्या पथ्यावर पडलं, हेसुद्धा सांगितलं. सून चहाचं भांडं हातात धरून उभी राहिली.

आक्कानं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "तुला कवा कळलं ह्ये?"

खोटं बोलायची चांगली सवय होती मला. त्या दिवशी नेमकी उपयोगी पडली नाही. "त्याच आठवड्यात," मी म्हटलं.

तिची बोटं मांडीवर हलायला लागली. एकेक नातवंड मोजत असावी. चौथ्यावर थांबली.

"डाग ऱ्हायलं न्हाईत म्हनलीस की न्हाय," ती म्हणाली, "तितंच थांबायचं व्हतं गं बाई."

आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. सुनेनं भांडं खाली ठेवलं, गॅस बंद केला आणि तिच्या पायाशी जाऊन बसली. हळू आवाजात तेलुगूत काहीतरी बोलत राहिली. आक्कानं तोंड न वळवताच एक हात मागे केला, तो सुनेनं धरला. मी चपला घालून निघाले तेव्हा दोघींपैकी कुणीही वर पाहिलं नाही.