मटणाचा ताप

माझे सासरे पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांना अजून कुणी कळवलेली दिसत नाही. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आंबिवलीला स्टेशनपासून जरा आत त्यांचं बैठं घर आहे. मागे अंगण, अंगणात शेवग्याचं झाड आणि झाडाखाली त्यांची खुर्ची. त्या खुर्चीतून त्यांनी सहज जरी "काय म्हणता?" असं विचारलं, तरी काल संध्याकाळी मी नक्की कुठे होतो ते आठवायला लागतो.

माझं बालपण डोंबिवलीत गेलं. आमच्याकडे मटण सोडाच, अंडंसुद्धा गॅलरीत, वेगळ्या भांड्यात, शेजारच्यांना पाठ करून शिजायचं. मी मटण खायला लागलो ते लग्नानंतर, आणि तेही भीतीपोटी. पहिल्याच जेवणात अण्णांनी स्वतः वाढलं. नको म्हणायचा धीर झाला नाही. (आवडलं, हा भाग वेगळा.) पण खाणं निराळं आणि कच्च्या मटणाला हात लावणं निराळं. तो मी कधी लावला नव्हता.

मध्यंतरी कंपनीने मला काही दिवस परदेशी पाठवलेलं. तिथे एका रविवारी ऑफिसमधल्या एकाने घरी बोलावून अंगणात स्टेक भाजले. त्याने गमतीने माझ्या गळ्यात अॅप्रन अडकवला, हातात चिमटा दिला आणि फोटो काढला. फोटो निघाल्यावर चिमटा परत घेतला. माझा स्टेकशी संबंध एवढाच.

माझ्या बायकोने, मानसीने, तो फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला. लगेच अण्णांचा फोन आला.

"स्टेक म्हणजे काय?"

"मांसाचा जाड तुकडा असतो, अण्णा," मानसी म्हणाली. "मीठमिरी लावून निखाऱ्यावर भाजतात. तिकडे मोठ्या जनावराचं करतात, पण आपण मटणाचं करू शकतो. प्रसादला मस्त जमतं."

"या रविवारी इकडे या म्हणावं. करून दाखवा."

'करून दाखवा' हे शब्द अण्णांनी नोकरीत कुणाकुणाला उद्देशून वापरले असतील, याचा मी विचार करत बसलो.

"तुला कुणी सांगितलं मला जमतं?" मी मानसीला विचारलं.

"फोटोत किती आत्मविश्वास दिसतोय तुझ्या चेहऱ्यावर."

"तो घाम आहे."

पण आता माघार घेता येणार नव्हती. आम्ही राहतो माजिवड्याला, पण मानसीच्या मते मटण आणावं तर कळव्याच्या एका ठरावीक दुकानातून. शनिवारी मी तिथे रांगेत उभा राहिलो. समोर लटकलेल्या बकऱ्यांकडे न बघता, त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडे बघत.

"काय देऊ साहेब?"

"स्टेकसाठी पाहिजे."

"भाग कुठला देऊ?"

भागांची नावं मी घरून पाठ करून गेलेलो. ऐन वेळी एक आठवेल तर शपथ. मी कमरेच्या वर पाठीला हात लावला. "इथलं थोडं." मग मांडीवर थाप मारली. "आणि थोडं इथलं."

"साहेब, बकऱ्याचं सांगा. तुमचं राहू द्या."

मागची रांग हसली. मीही हसलो, कारण दुकानदाराच्या हातात सुरा होता. शेवटी मागच्या एका काकूंनीच माझ्या वतीने ऑर्डर दिली. पाठीकडच्या जाड चापा, रानाचे म्हणजे मांडीचे आडवे काप, मधोमध हाडाची चकती असलेले, आणि पसंदे, म्हणजे बिनहाडाचे चपटे तुकडे. "चापा लवकर होतात, त्यांना फार काही लावू नकोस," काकूंनी बजावलं. "रान आणि पसंद्यांना कच्ची पपई लाव. नाहीतर चप्पल चावल्यासारखं लागेल."

घरी आल्यावर मी डोळे अर्धे मिटून कामाला लागलो. चापांना मीठ, जाडसर मिरी आणि ठेचलेला लसूण. रानाला आलं-लसूण, दही आणि पपई. पसंद्यांना मानसीच्या माहेरचा कांदा-लसूण मसाला आणि पपई. सगळं डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवलं आणि बराच वेळ हात धुतले.

सकाळी मानसीने डबे उघडले. मी विसरलो असेन अशी तिची खात्रीच होती, म्हणून तिने पसंद्यांना पुन्हा भरपूर पपई चोळली. हे मला आंबिवलीला पोहोचल्यावर कळलं. पसंद्याला बोट लावलं तर ते थेट डब्याच्या तळाला टेकलं.

"हे मटण आहे की शिरा?" मी पुटपुटलो.

"अण्णांना कळू देऊ नकोस," मानसी म्हणाली. आता या घरात आजवर अण्णांना न कळलेली एक गोष्ट मला दाखवा.

अंगणात विटा रचून चूल तयार होती. वर लोखंडी जाळी, खाली कोळसे छान फुललेले. अण्णा शेवग्याखाली खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. सासूबाई दारात उभ्या. मी पहिला पसंदा जाळीवर ठेवला. तो क्षणभर थांबला, विचार केल्यासारखा, आणि जाळीतून हळूहळू निखाऱ्यांत उतरला. दुसरा त्याच्या मागे गेला. तिसऱ्याने तर जाळीला स्पर्शही नीट केला नाही.

"तीन फरार," अण्णा म्हणाले.

चापांनी मात्र अब्रू राखली. चरबी निखाऱ्यावर पडून चुरचुरली, असा काही वास सुटला की सासूबाई दारातून अंगणात आल्या. मला धीर आला आणि मी रानाचे जाड काप जाळीवर लावले. ते बाहेरून बघता बघता काळे झाले. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. निवृत्त फौजदाराला कच्चं मटण खाऊ घातलं आणि त्यांना काही झालं तर? आदल्या दिवशी बघितलेल्या व्हिडिओतला माणूस मांसात एक सुईसारखं यंत्र खुपसून आतलं तापमान बघत होता. ते आठवलं आणि मी सासूबाईंना विचारलं, "आई, थर्मामीटर आहे का हो घरात?"

"अगं बाई, कुणाला ताप आला?"

"मटणाला."

त्या हसल्या नाहीत. जावयाचं म्हणणं त्या गांभीर्याने घेतात. आत जाऊन त्यांनी कपाटातून जुना काचेचा थर्मामीटर आणून दिला, टोकाला चकचकीत पारा असलेला. "झाल्यावर धुऊन ठेवा हो," एवढंच म्हणाल्या.

मी तो सगळ्यात जाड कापात खुपसला. पारा सरसर धावत शेवटच्या रेघेला जाऊन थडकला. माणूस असता तर दगावलाच असता. (बकरा आधीच दगावलेला.) मी थर्मामीटर ओढला, तो हाडाशी अडकला. धुराने डोळ्यांत पाणी येत होतं, समोर अण्णा बघत होते. मी जोर लावला, तसा तो सुटला. तो कट्ट्यावर ठेवून मी वाढायला घेतलं, आणि तपासलेला तोच काप मानाने अण्णांच्या ताटात ठेवला.

अण्णांनी तो सुरीने मध्ये उघडला. आतून गुलाबी पाणी वाहिलं.

"हे काय?"

"रस आहे, अण्णा. तिकडे असंच खातात."

ते थोडा वेळ त्या रसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो बघा, निखारा उडाला वाटतं तिकडे."

मी धावत चुलीकडे गेलो. काही उडालं नव्हतं. परत आलो तर अण्णा शांतपणे चघळत होते. मला हायसं वाटलं. मीही खायला बसलो. माझ्या ताटातला काप असा चिवट होता की दात लागेनात. पण अण्णा माझ्याकडे टक लावून बघत होते, आणि त्यांच्यादेखत आपणच केलेलं थुंकून टाकणं शक्य नव्हतं. मी छोटे छोटे तुकडे करून पाण्याबरोबर औषधाच्या गोळीसारखे गिळले.

"चापा झक्क झाल्यात," अण्णा म्हणाले. रानाबद्दल काही बोलले नाहीत.

जेवणं झाली. मी थर्मामीटर धुवायला मोरीत नेला आणि नळाखाली धरला. तेव्हा दिसलं की त्याला टोक नाही. जिथे पारा असतो ती चकचकीत चोच मुळापासून गायब.

मी चुलीभोवती शोधलं, जाळी उलटी केली, ताटं, हाडं, सगळं चिवडलं. कुठेच नाही. मग मानसीला मोरीत ओढून थर्मामीटर दाखवला.

"कुठल्या कापात खुपसलेलास?"

"अण्णांच्या."

ती मटकन बादलीवर बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "जा, सांग त्यांना."

"तू सांग ना. तुझे वडील आहेत."

"आणि मटण कुणाचं होतं?"

मी अंगणात गेलो. अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. सासऱ्यांच्या पोटात काच आणि पारा घालणाऱ्याला काय शिक्षा असते ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, असं वाटून मला रडूच येऊ लागलं. तरी सांगितलं. थर्मामीटर पुढे धरला. त्यांनी माझं मनगट धरून तो जवळ ओढला.

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण अण्णांचा चेहरा एकदम उतरला. ते थर्मामीटरकडे न बघता माझ्या पोटाकडे बघायला लागले.

"तुम्हाला कसं वाटतंय, प्रसादराव?" इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"माझं सोडा हो, अण्णा. तुम्हाला कसं वाटतंय?"

"मला काही नाही. चला, डॉक्टरकडे जाऊ. दोघांचाही एक्स-रे काढू."

स्वतःच्या पोटात काच असताना हा माणूस जावयाची काळजी करतोय, या विचाराने मला आणखीच अपराधी वाटलं. मी गाडी काढली. कल्याणपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी "अण्णा, टोचलं का?" असं विचारत होतो आणि प्रत्येक वेळी ते मलाच विचारत होते, "तुम्हाला?" मागच्या सीटवर सासूबाई स्तोत्र म्हणत होत्या आणि मानसी एका हाताने माझी सीट घट्ट धरून बसली होती.

रविवार असल्यामुळे दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई एकट्याच होत्या.

"काय खाल्लंय?"

"थर्मामीटर," मी म्हणालो.

"वय?"

"जुना आहे. सासूबाईंच्या कपाटातला."

"पेशंटचं विचारतेय."

आधी अण्णांचा एक्स-रे झाला. डॉक्टरीणबाईंनी तो नीट बघितला, परत बघितला आणि म्हणाल्या, "यांच्या पोटात काहीच नाही." मी तिथेच वाकून अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी मला उठवलं, पण नजर दिली नाही. मग माझा एक्स-रे आला. सगळ्या करड्या धुरकट पसाऱ्यात एक पांढरा शुभ्र दाणा चमकत होता. पाऱ्याचा, अगदी अखंड.

"हे बघा, इथे आहे," बाई म्हणाल्या.

"पण मी तर तो काप अण्णांना…"

अण्णा खाकरले. "तुम्ही निखारा बघायला गेलात ना, तेव्हा मी ताटांची अदलाबदल केली."

"जावयाच्या ताटात सरकवलंत?" सासूबाईंनी विचारलं. एवढ्या वर्षांत मी अण्णांना पहिल्यांदाच मान खाली घालताना बघितलं.

"आत लाल होतं," ते हळूच म्हणाले. "मला भीती वाटली."

"मग सांगायचं ना, अण्णा."

"एवढ्या हौसेने केलेलं तुम्ही. वाईट वाटलं असतं. आणि मला वाटलं, तुम्ही तिकडे खाऊन आलात, तुम्हाला सवय असेल."

मी इतकी वर्षं त्यांना घाबरत होतो आणि ते माझ्या स्वयंपाकाला घाबरून ताटं बदलत होते. मला त्यांच्याबद्दल एकदम माया दाटून आली. पोटात काच नसती तर मिठीच मारली असती.

डॉक्टरीणबाईंनी वरच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. टोक फुटलेलं नाही, तेव्हा आपोआप बाहेर पडेल, दुखलं-खुपलं तर मात्र ताबडतोब या, असं त्यांनी सांगितलं. "आणि बाहेर पडलं की नाही यावर लक्ष ठेवा," त्या म्हणाल्या. माझं लक्ष होतंच. पण माझ्याहून जास्त अण्णांचं होतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी ऑफिसला निघायच्या आधी त्यांचा फोन यायला लागला.

"मुद्देमाल मिळाला का?"

"अजून नाही, अण्णा."

"पाळत सोडू नका."

आणि एका सकाळी मी स्वतःहून फोन लावला. आवाजात विजय होता. "अण्णा, मिळाला."

त्यांनी विचारलं, "पंच कोण होते?"

"अण्णा, अशा वेळी साक्षीला कोण असणार? मी एकटाच होतो."

"मग ग्राह्य धरता येत नाही. एक्स-रे काढून या."

मी मुकाट्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वैयक्तिक'. इतकं खरं कारण त्या रकान्यात आजवर कुणी लिहिलं नसेल.