देवयानी आत्ता तिथं आहे का?

मंडळी, आज संध्याकाळी नातीनं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आबा, देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेची शेजारीण ना? ती आत्ता तिथं आहे का?"

मी मास्तरांच्या थाटात सांगितलं, "बाळा, तिचा उजेड इथं पोचायला पंचवीस लाख वर्षं लागतात. आपल्याला दिसते ती तेव्हाची. आत्ताचं इथून कळत नाही."

एवढ्यात कुंपणापलीकडे नानाच्या ओटीवरचा दिवा लागला. तो तिला माझ्या मागे दिसला.

"आबा, नाना आजोबा आले?"

नाना जाऊन वर्ष होत आलं. घर रिकामं वाटू नये म्हणून त्याचा मुलगा मुंबईहून मोबाइलवरून हा दिवा लावतो. दुपारीच त्याचा फोन आला होता, "काका, घराचा व्यवहार झाला. उद्यापासून दिवा नाही लागणार."

"नाही गं," एवढंच मी नातीला म्हणालो.

किहीमच्या शाळेत नाना आणि मी एका बाकावर. म्हातारपणीही दिवे लागले, की तो कुंपणाशी येऊन शाळेतल्या एखाद्या कवितेची पहिली ओळ म्हणायचा. दुसरी माझी.

आज मी कुंपणाशी गेलो आणि पहिली ओळ म्हटली. उजेडासारखं उत्तरही उशिरा पोचत असेल, म्हणून दिवा विझेपर्यंत उभा राहिलो. दुसरी ओळ मला पाठ आहे, पण आज ती नानाची होती.

तुमची दुसरी ओळ कोण म्हणतं?