तळ्याकाठचे ओपा

"आधी हात ओले." ओपांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की लोणच्याच्या बरणीला हात लावतानाही माझा गोंधळ होतो. तिथे हात कोरडे हवेत ही आईची शिकवण, माशाला धरताना ओले हवेत ही ओपांची. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा आजारी पडतो, हे ते प्रत्येक नव्या मुलाला सांगत.

ओपा म्हणजे जर्मनमध्ये आजोबा; सगळी मुलं त्यांना तसंच म्हणत. जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये, आमच्या भागातल्या मासेमारीच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, ते मुलांचा गट सांभाळायचे. कारखान्यातून निवृत्त झालेले. दर शनिवारी सकाळी आठ वाजता नऊ मुलं आणि एक तळं. फुकटचं काम पगारी नोकरीपेक्षा कडक करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. उशीर झाला तर ते माझ्या मुलीकडे, सईकडे बघत नसत, माझ्याकडे बघत.

मी पुण्याचा, वरणभातवाला. बायको मेधा अलिबागची. सईने पहिला मासा धरला तो ब्रासेन, नुसता काट्यांचा. इथल्या कायद्याने ठरलेल्या मापाएवढा वाढलेला मासा खाण्यासाठीच धरायचा, गंमत म्हणून धरून सोडायचा नाही. पण ब्रासेन खातंय कोण? ओपा म्हणाले, "आल्झो," म्हणजे तर मग, "हा मांजराला."

मेधाला ते सहन झालं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा ब्रासेन लागला तेव्हा तिने ओपांच्या हातातली सुरी घेतली, माशाला दोन्ही बाजूंनी अगदी जवळजवळ चिरा दिल्या, घरून आणलेलं हळद, तिखट, मीठ, कोकम लावलं आणि रव्यात घोळवून तिथेच तळला. ओपा काटे शोधत राहिले.

"बारीक चिरलं की काटे कुरकुरीत होतात," मेधा म्हणाली.

"गेनाऊ," अगदी बरोबर, ओपा म्हणाले, जणू हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तळ्यावर जायला मनाई केली. इथे मासेमारीसाठी सरकारी परीक्षा लागते; ती पास झालेलं मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मुलांना गळ टाकता येत नाही. मंडळाच्या बैठकीत नवा माणूस मागितला तेव्हा सगळे आपापले बूट बघत बसले. उन्हाळ्यापर्यंत कोणी मिळालं नाही तर गट बंद, असं ठरलं. ओपा डॉक्टरांना न जुमानता शनिवारी येत राहिले. एकदा छातीवर हात ठेवून काठावरच खाली बसले. मी घाबरलो, आणि मला त्यांचा रागही आला.

घरी येताना मेधा म्हणाली, "मी देते परीक्षा."

"जर्मनमध्ये?"

"मग? इथले मासे काय मराठी बोलतात?"

दोन महिने आमच्या फ्रिजवर माशांची चित्रं होती. सई जर्मनमध्ये प्रश्न विचारायची, मेधा मराठीत उत्तर द्यायची आणि मग दोघी भांडायच्या. परीक्षेच्या दिवशी आम्ही नको म्हटलं तरी ओपा बाहेर बाकावर येऊन बसले. मेधा बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "वेल्स माशाला मिशा किती?"

"सहा. पास झाले मी, ओपा."

त्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ मांडीवर धरून ठेवली.

मेधाच्या पहिल्या शनिवारी ओपा चुका काढायला येणार, याची आम्हाला खात्री होती. नऊ वाजले, दहा वाजले. शेवटी मी त्यांच्या घरी फोन केला. त्यांच्या बायकोने उचलला.

"झोपलेत," त्या हळूच म्हणाल्या. "शनिवारी इतक्या उशिरापर्यंत झोपलेले मी लग्नापासून पहिल्यांदाच बघतेय. उठवू का?"

"नको," मी म्हणालो. "झोपू द्या."