सिमेंटात रोवलेलं चाक

खंडेनवमीला स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि स्कूटर जागची हलवलीच नाही, तर त्याला तुम्ही पूजा म्हणाल?

इथं कानडी मुलखात, बनशंकरीत, आमचे शेजारी जयसिंगअण्णा विमानांच्या कारखान्यात फिटर होते. वैमानिक ज्यावर शिकायचे अशा एका दोन आसनी विमानावर त्यांची उभी नोकरी गेली. दर खंडेनवमीला त्याच्या चाकाखाली लिंबू ठेवायचा मान त्यांचा. मग सगळ्यांनी ढकलायचं, लिंबू चिरडायचं. यंदा, सत्त्याण्णवच्या दसऱ्याच्या तोंडावर त्यांना कळलं, की ते विमान शहराबाहेरच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर, नव्या संग्रहालयात उभं केलंय. गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. म्हणाले, "विमला, एकदा चाक फिरलेलं बघायचंय गं." खंडेनवमीलाच दोन बस बदलून गेलो.

फाटकात संग्रहालयाचे व्यवस्थापक शेषगिरी यांची जीप. झेंडूच्या माळा काय, केळीची रोपं काय, कुंकवाचे पट्टे काय! आणि आत पाटी: हात लावू नका.

अण्णांनी खिशातून लिंबू काढलं तसे शेषगिरी धावत आले.

"अज्जा, रंग खराब होतो."

"तुमच्या जीपचा नाही होत?" मी विचारलं.

"ती चालते, अक्का."

"अहो, वीतभर ढकलायचंय, मुंबईला नाही न्यायचं!"

माझा आवाज चढला, बघे जमले. शेवटी शेषगिरी वैतागले. "सरी, बरं, ठेवा. स्वल्प ढकला, बास."

अण्णा वाकले आणि वाकलेलेच राहिले. हात चाकाभोवती चाचपत होता. तिन्ही चाकं बुडाशी सिमेंटात गाडलेली.

"वारं फार इथं," शेषगिरी पुटपुटले.

"मग दोरानं बांधायचं की!" अण्णा ओरडले. "विमान आहे रे हे, तुळशीवृंदावन नाही!"

शेषगिरी पण इरेला पेटले. "सिमेंट फोडायला मी नाही म्हणत नाही. पण ढकलणार कोण? आमची इथं तीन माणसं. तुम्ही माणसं आणा, मी फोडतो."

प्रसादाची कडलेपुरी, म्हणजे चणे-चुरमुरे, अण्णांनी घेतली नाही. मी घेतली, भांडून भूक लागते. लिंबू परत खिशात गेलं.

शब्द शेषगिरींनी दिलाय, चार लोकांसमोर. आता तो कसा मागे घेतात ते मी बघते. पण माझे दोन हात आणि अण्णांचे दोन, एवढ्यानं विमान हलत नाही. म्हणून सांगते: पुढच्या खंडेनवमीला आपली गाडी पुजून झाली, की बनशंकरीच्या बसस्टँडवर या. लिंबू आमच्याकडे आहे. तुम्ही ढकलायला या.