गरज न दाखवता घेतलेली ऑपरेटिंग सिस्टीम

आमच्याकडे वाटण्या झाल्या तेव्हा भावांना भाताची खाचरं मिळाली आणि मला वडिलांचा संशय मिळाला. अख्खा, एकहाती, सातबाऱ्यावर कुणाचंही नाव नसलेला. वडील बैलगाडा शर्यतीचे शौकीन. चाकणच्या बाजारात त्यांना एखादा खोंड मनात भरला की ते त्याच्याकडे चुकूनही बघायचे नाहीत. शेजारची शेळी बघायचे. शेळीचे दात बघायचे, शेळीवाल्याशी रीतसर भांडायचे, आणि निघताना चपलेतला खडा झटकत विचारायचे, "आन् ह्यो कुणाचा?" समोरच्याला आपली गरज कळली की आपण गेलो, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. माझं शिक्षण पुढे बरंच झालं, पण त्यावर काही चढलं नाही.

मी लोणावळ्यात घरबसल्या पुस्तकांची अक्षरजुळणी करतो. दिवसाचे दहा तास कॉम्प्युटरसमोर. माझा जुना कॉम्प्युटर इतका जुना होता की पावसाळ्यात त्याच्याशेजारी आम्ही पिवळा बल्ब पेटता ठेवायचो, कपड्यांच्या कपाटात ठेवतो तसा, म्हणजे आतली ओल मरते. त्याच्यावर मराठी टाइप करायचा एक प्रोग्राम होता, तोही त्याच जमान्यातला. पाठीमागे, प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे, एक काळा प्लॅस्टिकचा ठोकळा खोचल्याशिवाय तो चालू होत नसे. तो ठोकळा म्हणजे त्या प्रोग्रामची किल्ली. असा ठोकळा आता बनत नाही आणि तो खोचायला लागणारं भोक नव्या कॉम्प्युटरला नसतं.

आणि त्या प्रोग्राममध्ये मावशींचं पुस्तक होतं.

मावशी म्हणजे पवनानगरच्या बाजूला आयुष्यभर शाळा शिकवून निवृत्त झालेल्या बाई. वर्गात पुस्तकासारखं बोलायच्या, वर्गाबाहेर कटाक्षाने गावासारखं. त्यांनी मावळातल्या शेतांची नावं गोळा केली होती. गावांची नव्हे, एकेका खाचराची. उंबरखाचर, चोरओहोळ, सासूचा माळ, पाणी धरत नाही म्हणून रुसलेलं खाचर. त्यातली काही धरणाखाली गेली, काहींवर कंपन्या उभ्या राहिल्या, काहींवर निळ्या पाण्याचे तलाव असलेले बंगले. एकाच शेताला मावशींच्या वस्तीत एक नाव आणि वरच्या आळीत दुसरं, तर त्यांनी दोन्ही घेतली होती. दर रविवारी जीपने यायच्या, माझ्या शेजारी बसून सांगायच्या, मी टाइप करायचो. अशी बरीच वर्षं गेली. प्रती मी चार ठिकाणी ठेवल्या होत्या. चारही उघडायच्या त्याच एका प्रोग्राममध्ये.

गेल्या उन्हाळ्यात मावशींना काचबिंदू निघाला. नजर कडेकडेने कमी होत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मावशी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पुस्तक लवकर काढ. मला ते माझ्या डोळ्यानं वाचायचंय. दुसऱ्यानं वाचून दाखवल्यालं नको. लोक वाचताना मधलं गाळत्यात."

त्याच पावसाळ्यात कॉम्प्युटर सुरू व्हायला कुरकुर करू लागला. कधी पहिल्या फटक्यात उठायचा, कधी तासभर मनधरणी करून घ्यायचा. नवा घेणं भाग होतं, आणि नवा म्हटलं की पहिला प्रश्न: त्यावर कुठली सिस्टीम? मी वडिलांना स्मरून बाजारात उतरलो. म्हणजे काय हवंय ते कुणालाही सांगायचं नाही, असं ठरवून उतरलो.

तळेगावातल्या दुकानात मी अर्धा तास नुसते कीबोर्ड बघितले. मग चपलेकडे बघत विचारलं, "आणि ह्या कॉम्प्युटरवर काय असतं?"

"विंडोज, सर. नवीन. सगळे हेच घेतात."

सगळे हेच घेतात! बाजारात हे वाक्य ज्या बैलाबद्दल कानावर पडायचं, त्याच्या पायात हमखास काहीतरी असायचं. दुकानदाराने मशीन सुरू करून दाखवलं. कॉम्प्युटरने आधी माझा ईमेल विचारला, मग मी कुठे आहे ते विचारलं, मग माझा आवाज ऐकू का विचारलं.

"हा एवढी चौकशी का करतोय?" मी विचारलं.

"तुमच्या सोयीसाठी, सर."

"सोयरीक बघायला आलेल्यांनीसुद्धा आमच्याकडे एवढं विचारलं नव्हतं."

दुकानदार हसला. मी निघालो.

भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फोटोग्राफर शनिवार-रविवार राहायला येतो. त्याच्याकडे वेगळ्याच जातीचा, पाठीवर सफरचंद असलेला चंदेरी कॉम्प्युटर. मी त्याच्याकडे चहाला गेलो, धुक्याची तारीफ केली, आणि शेवटी टेबलाकडे बोट केलं. तो इतका गहिवरून बोलू लागला की मला वाटलं, हा कॉम्प्युटर विकत घ्यायचा नसतो, त्याचा अनुग्रह घ्यायचा असतो. तिथूनही काढता पाय घेतला.

राहिला माझा मित्र. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला, शाळेपासूनचा. निवृत्तीनंतर लोक बाग करतात, ह्याने लिनक्स धरलं. त्याच्या घरात चार टाकाऊ कॉम्प्युटर आहेत आणि चारही चालतात, ही गोष्ट तो पाहुण्यांना पाणी देण्याआधी सांगतो.

"माझ्या एका ओळखीच्याला कॉम्प्युटर घ्यायचाय," मी म्हणालो.

"काय करतो ओळखीचा?"

"विशेष काही नाही. पत्रंबित्रं."

"मराठीत?"

वाक्य अगदी ओठावर आलं होतं. पण मी शेळीकडे बघितलं. "मराठी, इंग्रजी, असंच आपलं."

"मग डोळे मिटून लिनक्स. फुकट आहे, खातं उघडा म्हणत नाही, कुठे जातोस विचारत नाही. हा पेनड्राइव्ह ने. ह्याच्यावरूनच चालतं, आतलं काही पुसत नाही. आधी चालवून बघ, पटलं तर ठेव."

आता जो फुकट देतो आणि काहीच मागत नाही, त्याच्याबद्दल काय म्हणावं? दुकानदाराचं निदान कळत होतं, त्याला विकायचं होतं. ह्याला काय मिळत होतं? मी घरी येऊन बायकोला हे बोलून दाखवलं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माझ्याकडेही त्याच नजरेने बघते.

"त्याला मित्र मिळतोय," ती म्हणाली. "पण तुम्ही त्याला खरं का सांगत नाही?"

"गरज दाखवायची नसते."

"अहो, तो काय बैल विकतोय?"

मी नवा कॉम्प्युटर सिस्टीमशिवाय आणला आणि पेनड्राइव्ह लावला. लिनक्स उठलं. स्वच्छ, शांत, निळसर. खरोखरच काही विचारलं नाही. मी त्याला सगळ्या बाजूंनी हिंडवून बघितलं, प्रिंटर जोडून बघितला, अचानक बंद करून लाथ मारतं का बघितलं. कुठे खोट सापडेना. खोट सापडेना म्हणून संशय आणखी वाढला, पण मशीन आवडलं. आठवडाभराने ते कायमचं बसवून घेतलं, आणि मावशींच्या पुस्तकाची प्रत त्याच्यावर चढवून उघडली.

पडद्यावर रुसलेलं खाचर नव्हतं. उंबरखाचर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टोप्या, डॉलरच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं. दोनशे-अडीचशे पानं तशीच. एखाद्याने शेतांत रानडुकरं सोडावीत तसं.

जुना कॉम्प्युटर त्या दिवशी उठतच नव्हता. मी मित्राला फोन लावला.

"काय घातलंस त्या पेनड्राइव्हमध्ये?"

"का? काय झालं?"

"खाल्लं! सगळं खाल्लं! फुकटचं ते फुकटचंच!"

"अरे, कुणाचं काय खाल्लं? ओळखीच्याची पत्रं?"

मी फोन ठेवला. बायकोचा कॉलेजातला लॅपटॉप आणला, त्याच्यावर विंडोज. तीच फाइल, तीच रानडुकरं. मग मात्र माझी खात्रीच पटली: दोघेही आतून एक आहेत. वर भांडण दाखवायचं आणि खालून रुमालाआड बोटं दाबून भाव ठरवायचा, हे मी बाजारात लहानपणापासून बघत आलोय.

दुसऱ्या दिवशी रविवार. मावशी जीपमधून उतरल्या, छत्री झटकली, आणि त्यांच्या मागोमाग माझा मित्र आला. फोनवर शिव्या खाल्ल्या होत्या, त्यांचा हिशेब चुकता करायला. दोघं एकदमच आत शिरले. मला शेळी बघायला जागाच उरली नाही.

मावशींनी पडद्याजवळ नाक नेलं. "माझं पुस्तक कुटंय?"

मी कीबोर्ड पुसायला घेतला.

"हे काय लिव्हलंय? मला दिसंना झालं का खरंच आसं हाय?"

"खरंच असं आहे, मावशी," बायको म्हणाली.

"कुठलं पुस्तक?" मित्राने विचारलं.

मावशी त्याच्याकडे वळल्या. "माझं. बारा गावातली शेतं हायेत त्यात. ह्यानं टायपलंय. माझी नजर चाललीय, त्याच्या आत मला वाचायचंय. ह्यानं तुला सांगितलं न्हाई?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. रेल्वेत त्याने आयुष्यभर लाल दिवे लावले, पण असा चेहरा मी त्याचा पाहिला नव्हता. "जुन्या मराठी फाँटमधलं आहे? त्या काळ्या ठोकळ्यावाल्या प्रोग्राममधलं?"

"व्हय," मावशी म्हणाल्या. काळा ठोकळा त्यांना चांगला माहीत होता.

"गाढवा!" हे मला. "मी तुला दोनदा विचारलं काय करायचंय. तू म्हणालास पत्रंबित्रं. अरे, हे कुणीही खाल्लेलं नाही. त्या काळचा फाँट इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा इथे नाही, म्हणून आतली अक्षरं दिसतायत. विंडोज घेतलं असतंस तरी हेच, चंदेरी घेतलं असतंस तरी हेच. हे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या मराठीत, बदलून घ्यायला हवं. आधी मजकूर सोडव, मग सिस्टीम कुठली ते बघ."

"अहो, म्हणजे तुम्ही नुसती शेळीच बघत बसलात," बायको म्हणाली. मावशी मोठ्याने हसल्या. गोष्ट त्यांना ठाऊक होती, वडिलांना त्या चांगल्या ओळखत.

मी शेवटचा किल्ला लढवला. "बदलायचं म्हणजे इंटरनेटवर चढवायचं ना? कुणाच्या तरी वेबसाइटवर? शेतं गेलीच आहेत, आता नावंही देऊन टाकू?"

आणि इथे, सगळ्यांच्या देखत, मावशींनी माझी बाजू घेतली. "त्ये मातर बरोबर बोलतोय. माझी खाचरं कुनाच्या दारात न्यायची न्हाईत."

"न्यायची नाहीत," मित्र म्हणाला. "बदलणारं वेबपान मी मागेच उतरवून ह्या पेनड्राइव्हवर ठेवलंय. ते ह्याच मशीनवर चालतं. इंटरनेटची वायर काढ. तू स्वतः काढ, म्हणजे तुझी खात्री पटेल."

मी स्वतः काढली. तरी वायफाय बंद आहे ना, ते दोनदा पाहिलं. मित्राने फाइलचा एक तुकडा चिकटवला, बटण दाबलं, आणि डॉलर-कंसांच्या चिखलातून 'चोरओहोळ' वर आलं. एकदम, पूर्ण, काना-मात्रांसकट. मी लहान मुलासारखी टाळी वाजवली. मग लगेच संशय आला की बाकीचं कशावरून बरोबर येईल, म्हणून सगळी पानं आम्ही दर रविवारी तपासायला छापलेल्या, खाडाखोडीने भरलेल्या जुन्या प्रतीशी ताडून पाहिली. मी वाचायचो, बायको प्रतीवर बोट ठेवायची, मित्र दुरुस्त करायचा. काही जोडाक्षरं मोडून आली होती, ती बसवली. पुढचे तीन-चार रविवार ह्यातच गेले, आणि मावशी खुर्चीत बसून मध्येच म्हणायच्या, "गाळलंस. मी ऐकलं."

सगळं जुळलं तेव्हा मावशींनी मला एकच प्रश्न विचारला. "तुझ्यामागं उगडंल का? तू, तुझी मशीन, ह्यो तुझा दोस्त, कुनीच नसलं तरी?"

सिस्टीम निवडताना विचारायचा हाच प्रश्न होता, आणि पूर्ण बाजार हिंडून मी तो कुणालाच विचारला नव्हता. मी फाइल लिनक्सवर उघडून पाहिली, उघडली. बायकोच्या विंडोजवर पाहिली, उघडली. फोटोग्राफराच्या चंदेरीवर उघडायला मी मुद्दाम धुक्यातून गेलो. तो भारावला, फाइलही उघडली. शेवटी मावशींनी स्वतःचा फोन पुढे केला. साधा, कोपऱ्याला तडा गेलेला. त्याच्यावर पाठवली. मावशींनी दोन बोटांनी अक्षर ताणून पेरूएवढं केलं आणि नजरेच्या मधोमध धरून मनातल्या मनात वाचू लागल्या. आम्ही तिघं उभे. एका पानाला बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही.

"ठेव तुझी ही शिस्टीम," त्या उठत म्हणाल्या. "कुठली का आसंना."

ती ठेवली. मित्राला त्यातून काय मिळतं, ह्याचा शोध अजून चालू आहे. दिवाळीला त्याने मला पाचवा टाकाऊ कॉम्प्युटर दाखवला, तेव्हापासून संशय बळावला आहे.

पण फोनवर वाचलं त्या संध्याकाळी मावशींना जीपमध्ये बसवून आम्ही घरी येऊन चहा टाकतोय, तोच त्यांचा फोन. मागे जीपचा खडखडाट आणि एका पुरुषाचा चढा आवाज.

"अरे, मी हितं वाचत बसलेय, तर हा वरच्या आळीतला बाबा म्हणतोय, सासूचा माळ न्हाईच, त्यो सुनंचा माळ!"

"सुनंचाच हाय!" मागून आवाज. "सासूचा कधी झाला?"

"तू गप. मी माझ्या डोळ्यानं वाचतेय," मावशी त्याला म्हणाल्या. मग मला, आवाज खाली आणून, "ह्याच्यावर माझा काडीचा इस्वास न्हाई. पन लिव्हून ठेव. दोन्ही लिव्ह."