जमिनीला न टेकलेली झोळी

रूपरावांशी माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी शालू. रोहण्यात त्यांच्या घरासमोर राहते, मधे फक्त एक नाली. त्यांच्या घरात कोण कोणाला काय बोललं, हे ऐकायला मला माझा टीव्हीसुद्धा बंद करावा लागत नाही. तेव्हा मनकर्णाबाईंची ही हकीकत ऐकीव आहे, असं कोणी म्हणू नये.

मनकर्णाबाई म्हणजे रूपरावांची बायको. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांच्या डोक्यावर टोपलं आहे. शेतातली वांगी, पालक, सांबार, म्हणजे बाहेरच्यांची कोथिंबीर, हे सगळं त्यांनीच तोडायचं, त्यांनीच धुवायचं, जुड्या बांधायच्या आणि आठवडी बाजारात चिंचेखाली ताडपत्री टाकून विकायचं. रूपराव शेतापर्यंत येत, पण बाजारात म्हणून बसत नसत. "बाजारात बसनं बायकाइचं काम हाय," असं ते पानठेल्यावर उभं राहून सांगायचे, आणि हे सांगायला त्यांच्याकडे अख्खा दिवस असायचा.

दिवाळी झाली आणि मनकर्णाबाईंनी सांगितलं, की आर्वीकडच्या बायकांसोबत मी पायी नर्मदा परिक्रमेला चालली. चार-सहा महिने लागतील.

"काऊन?" रूपराव म्हणाले. त्यांचं जेवण चाललं होतं.

"आतापर्यंत जितकी चालली, तितकी वझं घेऊन चालली. एकदा हलक्या अंगानं चालाचं हाय मले."

"अन् इथं भाकर कोन टाकन? बाजार कोन करन?"

त्यावर मनकर्णाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. त्या गोष्टीचा मला आजही राग येतो, कारण मी असते तर खूप बोलले असते.

परिक्रमेला निघालेल्या माणसाला आमच्या गावात कोणी नाही म्हणत नाही. पाप लागतं म्हणतात. त्यामुळे रूपरावांना तोंडानं अडवता येईना. मग त्यांनी टोचणं सुरू केलं. बायकोनं चहा दिला की म्हणायचे, "आता मैय्याच चहा पाजन." साडी वाळत घातली की म्हणायचे, "साधूबाई झाली आमची." वर्ध्याला सिंदी मेघेत राहणारा मुलगा चंदन, त्याला फोन करून त्यांनी त्याचेही कान भरले. तो मोटरसायकलवर आला आणि आईलाच रागावला. "बाबाचं कोन पाहन, याचा इचार केला का तू?" बाबाचं आपणही पाहू शकतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. चहा पिऊन परत गेला.

मनकर्णाबाई मात्र तयारीला लागल्या होत्या. कापूस वेचताना कमरेला बांधतात त्या जाड कापडाची त्यांनी पाठीवरची झोळी शिवली, दोन पट्टे लावले आणि रोज सकाळी ती घेऊन कालव्यापर्यंत चालायला लागल्या. परत आल्या की ओट्यावर झोळी उलटी करायच्या आणि एक वस्तू कमी करायच्या. आधी स्टीलचा डबा गेला. मग तिसरी साडी. मग आरसा. साबणाची वडी त्यांनी विळीवर अर्धी केली, चादर मधोमध फाडली.

"फणी तं राहू द्या," मी ओरडले.

"दोन दात पुरतात, शालू. केस कोनाले दाखवाचे हाय?" म्हणून त्यांनी फणीही मोडून अर्धीच घेतली. शेवटी झोळीत दोन पांढऱ्या साड्या, ती अर्धी चादर, अर्धा साबण, अर्धी फणी, एक घोंगडी, पावसाचं प्लास्टिक, तांब्या आणि नर्मदेचं पाणी ठेवायची कुपी एवढंच उरलं. डाव्या गुडघ्याला वजन सोसत नव्हतं, उतारावर तो सुजायचा. म्हणून हा सगळा खटाटोप. झोळी हलकी राहिली तर त्या जाणार होत्या, नाहीतर नाही.

आता आमच्या गावची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लांबच्या तीर्थाला पायी निघणारा माणूस आपल्या दारात झोळी पाठीवर घेतो आणि वेशीवरच्या मारुतीच्या पारापर्यंत ती जमिनीला टेकू देत नाही. टेकली तर त्या वर्षी जायचं नाही. निघताना अंगणात लोक त्याच्या झोळीत जे टाकतील त्याला नाही म्हणायचं नाही. आणि पारावर पोचल्यावर तो झोळीतलं जे ज्याच्या हातात देईल, त्यानंही नाही म्हणायचं नाही. इतकंच नाही, तर तो माणूस परत येईपर्यंत त्या वस्तूचं काम करायचं. कमलाबाई तीर्थाला गेल्या तेव्हा त्यांनी तुळशीचा तांब्या माझ्या हातात ठेवला. त्या येईपर्यंत मी त्यांच्या तुळशीला पाणी घातलं आणि कुरकुर केली नाही, म्हणजे मोठ्यानं केली नाही. बापूरावांनी मात्र चक्कीजवळ झोळी खाली ठेवली होती. ते तिथूनच घरी आले. आजही पोरं त्यांना चक्कीवाले महाराज म्हणतात.

रूपरावांना या रीतीतला पहिला भाग नीट आठवत होता.

निघायच्या दिवशी अंगणात गर्दी झाली. चंदनही वर्ध्याहून आला होता. कोणी मूठभर शेंगदाणे टाकले, कोणी सुई-दोरा, मी औषधाची छोटी डबी टाकली. लोकांना अक्कल होती, सगळ्यांनी हलकंच दिलं. मग रूपराव घरातून बाहेर आले. हातात जुनी जाड वाकळ, ओली असती तर दोघांनी उचलावी लागली असती अशी. त्यांनी ती सगळ्यांसमोर झोळीवर बांधली आणि गोड आवाजात म्हणाले, "थंडी लागन वो तुले." बायका म्हणाल्या, किती काळजी आहे बघा. मला तिथल्या तिथे त्यांना नालीत ढकलावंसं वाटलं.

मनकर्णाबाई झोळी उचलायला वाकल्या आणि थांबल्या. त्यांनी तळाशी हात लावून पाहिलं. मग रूपरावांकडे पाहिलं. मनकर्णाबाईंचा चेहरा असा झाला, की वाकळ ही नुसती वरची गोष्ट आहे, हे मला कळलं. आत आणखी काहीतरी होतं आणि ते रात्रीतून कोणी घातलं हेही कळलं. झोळीत पडलेलं नाकारायचं नाही अशी रीत, त्यामुळे त्या काढू शकत नव्हत्या, गाव बघत होतं. त्यांनी पट्ट्यांत हात घातले, चंदनचा खांदा धरून उभ्या राहिल्या, हातात काठी घेतली आणि चालायला लागल्या.

रूपराव हात जोडून मागेच होते. "थकली असशीन तं ठेव खाली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते. "देव काही रागावत नाई. पुढच्या साली जाजो." चक्कीजवळ हेच, ग्रामपंचायतीजवळ हेच. चक्कीच्या भिंतीला त्या घडीभर टेकल्या, पण झोळी पाठीवरच. मी म्हटलं, "रूपराव, आता तोंड बंद ठेवा." ते म्हणाले, "तुमाले काय करनं?" मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगते काय करनं ते." मनकर्णाबाई पुढे चालतच होत्या. पट्टे खांद्यात रुतले होते, घामानं पदर चिकटला होता.

नाल्याच्या उतारावर गुडघ्यानं दगा दिला. त्या एकदम गुडघ्यांवर पडल्या, दोन्ही हात मातीत. बायका किंचाळल्या. रूपराव पुढे धावले, आणि ते सावरायला नव्हे, झोळी टेकली का हे वाकून बघायला धावले. झोळी टेकली नव्हती. त्या ओणव्या होत्या आणि झोळी पाठीवर होती.

"नाई टेकली," बापूराव ओरडले. त्यांच्याइतकं हे कोणाला कळणार? चंदन हात द्यायला पुढे झाला, पण त्यांनी तो घेतला नाही. काठी रोवून त्या उठल्या आणि समोरचा चढ एकट्या चढल्या. मी रडत होते आणि शिव्याही देत होते.

पारावर पोचल्यावर त्यांनी मारुतीला हात जोडले आणि झोळी उतरवली. आधी वाकळ सोडली. "चंदन, धर. तुह्या बाबाले थंडी वाजते. रोज राती तू पांघरून देजो." चंदननं घेतली आणि मग त्याच्या लक्षात आलं, की रोज रात्री पांघरूण द्यायचं म्हणजे रोहण्यात येऊन राहावं लागेल.

मग त्यांनी झोळीत कोपरापर्यंत हात घातला, घोंगडी बाहेर ओढली आणि तिच्या गुंडाळीतून एक लोखंडी वजन काढलं. मग दुसरं. बाजारातली त्यांच्याच तराजूची वजनं, पाच किलोचं आणि दोन किलोचं.

"हे घ्या," त्या रूपरावांना म्हणाल्या.

रूपरावांनी हात मागे घेतले. मग आजूबाजूला पाहिलं. अख्खं गाव उभं होतं. ते हात पुढे करेपर्यंत मनकर्णाबाई वजनं धरून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी रूपरावांनी ती घेतली आणि वजनानं त्यांचे हात खाली गेले.

"माही जागा चिंचीखाली हाय," त्या म्हणाल्या. "ताडपत्री दाराच्या मांगं. मोजताना झुकतं देजा, मी झुकतंच देत होती." मग त्यांनी झोळी पुन्हा पाठीवर घेतली, खांदे हलवून पाहिले आणि फाट्याकडे निघाल्या. मागे वळून पाहिलं नाही.

पहिल्या बाजारी मी मुद्दाम लवकर गेले. रूपराव चिंचेखाली ताडपत्रीवर बसले होते, टोपी डोळ्यांवर ओढून. त्यांचे पानठेल्यावरचे मित्र समोरून चकरा मारत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वांग्यांचा भाव विचारला, जास्त आहे म्हटलं, आणि मग दोन किलो मागितली. त्यांनी वजन उचलून पारड्यात ठेवलं आणि मनगट चोळलं.

"लय जड हाय वो हे," ते म्हणाले.

"मोठं वजन तं अजून तुमी उचललंच नाई," मी म्हटलं. "अन् वांगी झुकती द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पारड्यात आणखी एक वांगं टाकलं.