उताराची वही

एका सोमवारी पत्नीचे पाय चालेनासे झाले.

मग व्हीलचेअरला जमतील अशा डोंगरवाटा आम्ही दोघं शोधू लागलो. मी कोनमापकाने उतार मोजून वहीत लिहायचो. खुर्ची आवरणं मात्र मला येत नव्हतं. तोरणमाळला ती हातून सुटू लागली, तेव्हा शेंगांच्या लोटगाडीवाल्याने पायातली चप्पल चाकाखाली सारली. हसला नाही. खुर्ची फिरवून त्याने पत्नीचं तोंड चढाकडे केलं.

"मास्तर, उतारवर गाडी उलटी लेतस. वहिनीले डोंगर देखू द्या, खड्डा तुम्ही देखा."

"हे खड्डेही मोजतील," पत्नी म्हणाली. तेव्हा मात्र तो हसला.

पुढच्या सगळ्या वाटा आम्ही तशाच उतरलो.

आता ती नाही. वही आहे. वहीत उतारांचे अंश आहेत. तिला दिसलेल्या डोंगरांबद्दल एक ओळही नाही.